पिसात उतरलेला पारा

१९५०च्या दशकात स्वीडनमध्ये शेतांच्या कडेने मेलेले पक्षी सापडू लागले. त्यांत दाणे टिपणारे छोटे पक्षी होते, कबुतरे होती आणि त्यांच्यावर जगणारे शिकारी पक्षीही होते. संशय बियाण्यावर होता. पेरणीआधी बियाण्याला बुरशी लागू नये म्हणून १९४०च्या सुमारापासून तिथे पाऱ्याच्या सेंद्रिय संयुगांची बीजप्रक्रिया केली जाई. पण संशय सिद्ध करायचा तर आधी हे कळायला हवे होते, की पूर्वी या पक्ष्यांच्या अंगात पारा किती असे. शंभर वर्षांपूर्वीचे रक्त किंवा यकृत कोणी जपून ठेवलेले नव्हते. संग्रहालयांच्या कपाटांत मात्र पेंढा भरलेले पक्षी होते, आणि त्यांच्या अंगावर त्या त्या काळातली पिसे होती.

बर्ग, योनेल्स, स्योस्ट्रांड आणि वेस्टरमार्क या चौघांनी ती पिसे तपासली. पिसाचा तुकडा न्यूट्रॉनच्या माऱ्याखाली धरून त्यातला पारा मोजला आणि १९६६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. गोशॉक हा जंगल आणि शेतांवर शिकार करणारा ससाण्याच्या तोलाचा पक्षी. त्याच्या पिसांत शंभर वर्षे पारा जवळपास एकाच पातळीवर होता आणि १९४०च्या दशकात तो एकदम दहापटींहून जास्त वाढला. मासे खाणाऱ्या ऑस्प्रेचा आणि तुरेवाल्या पाणडुबीचा आलेख वेगळा निघाला. तिथे पारा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून हळूहळू चढत आला होता. जमिनीवरच्या पक्ष्यांना बियाण्याने मारले होते. पाण्यावरच्या पक्ष्यांत कारखान्यांचा पारा साठत होता. दोन गुन्हे आणि दोन गुन्हेगार, आणि दोन्ही पिसांनीच वेगळे करून दाखवले. स्वीडनने त्याच वर्षी पाऱ्याच्या सेंद्रिय संयुगांतल्या अल्किल प्रकाराच्या बीजप्रक्रियेवर बंदी घातली, आणि पुढच्या काही वर्षांत गोशॉकच्या पिसांतला पारा झपाट्याने खाली आला.

याला जोडूनच एक गोष्ट सांगायला हवी. १९७१-७२च्या हिवाळ्यात इराकमध्ये मिथाइल पारा (त्याच कुळातले सेंद्रिय संयुग) लावून पेरणीसाठी आलेल्या बियाण्याच्या भाकऱ्या लोकांनी करून खाल्ल्या. ६,५३० माणसे रुग्णालयात दाखल झाली आणि त्यांतली ४५९ दगावली. हा आकडा फक्त रुग्णालयांच्या नोंदींतला. पक्ष्यांची पिसे जे सांगत होती, ते छापून येऊन तेव्हा पाच वर्षे झाली होती.

१९६६च्या त्या एका शोधनिबंधात या पद्धतीची सगळी ताकद दिसते, आणि पुढच्या साठ वर्षांत तिच्यावर जे वाद झाले त्यांची मुळेही. तो सगळा पसारा वाचून माझे मत असे झाले आहे: पाऱ्याबद्दल पीस जे सांगते त्यावर बऱ्यापैकी भरवसा ठेवता येतो, शिसे, कॅडमियम, तांबे, जस्त यांच्याबद्दल सांगते ते मात्र पारखून घ्यावे लागते. आपल्याकडच्या बऱ्याच अभ्यासांत नेमके उलटे होते. तांबे, जस्त, निकेल, शिसे यांची लांबलचक कोष्टके असतात आणि पाऱ्याचा रकानाच नसतो.

पाऱ्याला हे खास स्थान का, याचे उत्तर पिसाच्या घडणीत आहे. पीस वाढत असते तेव्हा त्याच्या नळीत रक्त खेळत असते. कबुतरे पाळणाऱ्यांना हे चांगले ठाऊक असते. असे कोवळे पीस मोडले की भळभळ रक्त येते. वाढ पुरी झाली की रक्त मागे हटते, नळी बंद होते आणि पीस हा एक मृत अवयव होऊन राहतो. त्यानंतर शरीरातून त्यात काही येत नाही, त्यातून शरीरात काही जात नाही. पीस ज्या केराटिन प्रथिनाचे बनते त्यात गंधक भरपूर असते (पीस जळाल्यावर येणारा उग्र वास याच गंधकाचा), आणि पाऱ्याला गंधकाची ओढ विलक्षण. रक्तातला मिथाइल पारा वाढत्या पिसातल्या गंधकाला धरून बसतो, आणि एकदा बसला की सुटत नाही. डेन्मार्कमध्ये १९८४ साली अ‍ॅपेलक्विस्ट आणि सहकाऱ्यांनी पिसे तापवून पाहिली, गोठवून पाहिली, अतिनील किरणांखाली ठेवली, ऊनपावसात टाकली. पाऱ्याचे प्रमाण जवळजवळ तेच राहिले.

पक्ष्याच्या बाजूने पाहिले तर अंगातले विष बाहेर टाकण्याची ही वाट आहे. जुनी पिसे झडतात, नवी येतात, आणि मधल्या काळात मांसात, यकृतात साठलेला पारा नव्या पिसांत उतरतो. कॅनडात बोनापार्ट कुरवांवर झालेल्या १९८७च्या अभ्यासात शरीरातल्या एकूण पाऱ्यापैकी ९३ टक्के पारा पिसांत सापडला. मादीला आणखी एक वाट असते, ती म्हणजे अंडी. पण अंड्यातून गेलेला पारा पिलाच्या वाट्याला येतो.

इथेच पहिली अडचण उभी राहते. पिसे सगळी एकदम झडत नाहीत. पंखातली मोठी पिसे ठरावीक क्रमाने, एकामागून एक येतात, आणि पहिल्या पिसाच्या वेळी अंगात साठा भरलेला असतो तर शेवटच्या पिसाच्या वेळी तो ओसरलेला असतो. ग्लासगो विद्यापीठाच्या रॉबर्ट फर्नेस यांनी १९८६ साली समुद्रपक्ष्यांत हे नीट दाखवले. म्हणजे एकाच पक्ष्याच्या एकाच पंखातली दोन पिसे दोन संशोधकांनी उचलली, तर दोघांचे आकडे वेगळे येतील आणि दोघेही आपापल्या जागी बरोबर असतील. फर्नेस यांची सूचना साधी होती: पंखाच्या पिसाऐवजी अंगावरची बारीक पिसे घ्या, आणि एक नव्हे, अनेक घेऊन एकत्र मोजा. आज बहुतेक चांगले अभ्यास हाच रिवाज पाळतात. पेंग्विनच्या बाबतीत हा प्रश्नच येत नाही. ते किनाऱ्यावर उपाशी उभे राहून काही आठवड्यांत सगळी पिसे एकदम बदलतात, त्यामुळे कुठलेही पीस घेतले तरी आकड्यात फारसा फरक पडत नाही. दक्षिण महासागरातल्या पाऱ्याची तुलना करायला फ्रेंच संशोधकांनी पेंग्विन निवडले ते यासाठी.

पीस मोजायच्या आधी ते नुसते बघण्यासारखे असते. कावळ्याचे किंवा घारीचे मोठे पीस उजेडात तिरके धरावे. दांड्याला आडव्या जाणाऱ्या फिक्या-गडद रेघा एकाआड एक दिसतात. त्या पुसट असतात, पहिल्या नजरेत सुटतात, पण एकदा दिसल्या की मोजता येतात. एक फिकी आणि एक गडद अशी जोडी म्हणजे साधारण एक दिवस-रात्रीची वाढ. टॉमस ग्रब या अमेरिकी संशोधकाने १९८९ साली या रेघांवरून पक्ष्याचे पोषण ताडण्याची पद्धत मांडली. धातूंच्या अभ्यासाला तिचा वेगळाच उपयोग झाला, कारण टोकापासून मुळाकडे वाचत गेले की पीस म्हणजे दुकानदाराची रोजकीर्द ठरते. कुठल्या दिवसांत काय जमा झाले ते पानोपानी.

कॅलिफोर्नियातल्या कॉन्डोर गिधाडांच्या बाबतीत ही कीर्द अक्षरशः उघडून वाचली गेली. १९८२ साली जगात हे पक्षी अवघे २२ उरले होते. उरलेले सगळे पकडून पिंजऱ्यात वाढवले आणि पिल्ले पुन्हा रानात सोडली. तरी शिशाने मरण चालूच राहिले. शिकाऱ्यांनी मारलेल्या हरणांच्या आतड्यांत, टाकून दिलेल्या मांसात गोळ्यांचे बारीक कण असतात आणि गिधाड ते मांसाबरोबर गिळते. रक्ताच्या तपासणीत गेल्या काही आठवड्यांचेच शिसे दिसते. पक्षी पकडला त्या दिवसाच्या तीन महिने आधी काय झाले ते रक्त सांगत नाही. मायरा फिंकेलस्टाइन आणि सहकाऱ्यांनी कॉन्डोरचे लांब उड्डाणपीस घेतले, त्याचे छोटे छोटे तुकडे क्रमाने कापले आणि प्रत्येक तुकड्यातले शिसे मोजले. काही तुकड्यांत शिसे जवळपास नव्हते आणि मध्येच ते उसळलेले होते. ती उसळी म्हणजे विषारी जेवण. त्याहून महत्त्वाचे असे, की शिशाच्या २०६ आणि २०७ या समस्थानिकांचे गुणोत्तर त्यांनी तपासले. प्रत्येक खाणीच्या शिशाचे हे गुणोत्तर थोडे वेगळे असते. उसळीच्या तुकड्यांतले गुणोत्तर बंदुकीच्या गोळ्यांच्या शिशाशी जुळणारे होते. २०१२ साली याच गटाने लिहिले, की दर वर्षी मोकळ्या कॉन्डोरांपैकी सुमारे २० टक्के पक्ष्यांच्या रक्तात उपचार करावे लागतील इतके शिसे सापडते. १ जुलै २०१९पासून कॅलिफोर्नियात शिकारीसाठी शिशाच्या गोळ्या पूर्ण बंद झाल्या. त्यामागे बरीच कारणे आणि बराच राजकीय झगडा होता. पण पिसांतल्या त्या आकड्यांशिवाय गोळ्या बनवणाऱ्यांचा ‘शिसे दुसरीकडून येत असेल’ हा युक्तिवाद खोडणे जड गेले असते.

मग शिशाबद्दल पीस पारखून घ्यावे असे मी का म्हणतो? कॉन्डोरचे उदाहरण यशस्वी झाले कारण तिथे समस्थानिकांची जोड होती आणि पिसाचे तुकडे क्रमाने वाचले गेले. एरवी शिशाचा घोळ असा, की ते पिसाच्या आतूनही येते आणि बाहेरूनही बसते. पक्षी दिवसभर चोचीने पिसे साफ करतो, शेपटीच्या मुळाशी असलेल्या ग्रंथीतले तेल पिसांना चोपडतो. त्या तेलाला धूळ चिकटते, धुळीबरोबर धातू. बेल्जियममध्ये अँटवर्पजवळच्या होबोकेन इथे धातू गाळण्याचा मोठा कारखाना आहे. तिथल्या ग्रेट टिट या चिमणीएवढ्या पक्ष्यांवर अँटवर्प विद्यापीठाच्या मार्सेल एन्स आणि टॉम डाउवे यांच्या गटाने अनेक वर्षे काम केले. कारखान्याजवळच्या पक्ष्यांच्या पिसांत शिसे लांबच्या पक्ष्यांपेक्षा कितीतरी जास्त भरले; इथवर सरळ आहे. पण शिकारी पक्ष्यांची पिसे त्यांनी बारकाईने पाहिली तेव्हा दिसले, की जो भाग जास्त काळ उघड्यावर राहतो त्यात शिशासारखे धातू अधिक असतात. पाऱ्याचे तसे नव्हते. तो पिसे उगवण्याच्या क्रमानुसारच होता. प्रयोगशाळेत अ‍ॅसिटोन आणि शुद्ध पाणी आलटून पालटून वापरून पिसे धुतात. त्याने वरवरची धूळ जाते, पण बारीक तंतूंत रुतलेले कण सगळे निघतात असे नाही. एकाने दोनदा धुतले आणि दुसऱ्याने सहादा, तर त्यांच्या आकड्यांची तुलना करण्यात अर्थ उरत नाही.

बाहेरचा थर हा नेहमी अडथळाच असतो असे मात्र समजू नये. शिकागोत डुबे आणि फुल्डनर यांनी २०१७ साली तो थरच मोजला. अमेरिकेच्या औद्योगिक पट्ट्यातून १३५ वर्षांत जमवलेल्या १,३४७ पक्ष्यांची छायाचित्रे घेऊन, पोटाची पांढरी पिसे किती काळवंडली आहेत यावरून त्यांनी हवेतल्या काजळीचा इतिहास काढला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे पक्षी कोळशाच्या काजळीने अक्षरशः काळे होते. प्रश्न ‘हवेत काय आहे’ हा असेल तर पिसावरची धूळ हेच उत्तर. ‘पक्ष्याच्या अंगात काय गेले’ हा असेल तर तीच धूळ दिशाभूल करते. दोन्ही प्रश्न एकाच आकड्यात कोंबले की घोटाळा होतो.

तांबे आणि जस्त यांच्याबद्दल थोडक्यात. हे धातू शरीराला लागतातच आणि शरीर त्यांचे प्रमाण सांभाळते, म्हणून पिसातल्या आकड्यावरून परिसराबद्दल फारसे कळत नाही. शिवाय धातू मेलॅनिन या काळ्या रंगद्रव्याला चिकटतात. पॅरिसच्या गडद कबुतरांच्या पिसांत फिक्या कबुतरांपेक्षा जस्त जास्त असते हे २०१४ साली दाखवले गेले आहे. मग कावळ्याचे पीस आणि बगळ्याचे पीस शेजारी ठेवून ‘कावळ्याच्या भागात प्रदूषण जास्त’ असे कसे म्हणायचे?

जुन्या पिसांकडे पुन्हा वळतो, कारण या विषयातला सर्वांत मौल्यवान ऐवज तोच आहे. संग्रहालयातले पक्षी किडीपासून वाचवायला अठराव्या शतकापासून आर्सेनिकचा साबण वापरत असत. म्हणून जुन्या पिसातले आर्सेनिक मोजणे व्यर्थ. पाऱ्याचे क्षारही काही ठिकाणी चोळत. तेव्हा जुन्या पिसात सापडलेला पारा समुद्रातला की संग्रहालयातल्या बरणीतला? याची सोडवणूक १९८९ साली थॉम्पसन आणि फर्नेस यांनी केली. पक्ष्याच्या अंगातून पिसात येणारा पारा जवळजवळ सगळा मिथाइल पारा असतो आणि बरणीतला असतो असेंद्रिय. म्हणून एकूण पारा न मोजता फक्त मिथाइल पारा मोजायचा. माझ्या मते या साऱ्या इतिहासातली ही सर्वांत देखणी युक्ती आहे. तिच्याच बळावर २०११ साली अमेरिकी संग्रहालयांतल्या काळ्या पायांच्या अल्बट्रॉसचा १२० वर्षांचा आलेख काढता आला आणि प्रशांत महासागरातला मिथाइल पारा वाढत आल्याचे दिसले. २०१५ साली कॅनडाच्या उत्तर ध्रुवीय भागातल्या आयव्हरी कुरवाचा आलेख आला: १८७७ ते २००७ या काळात पिसांतला मिथाइल पारा ४५ पट झाला. कुरवाचे खाणेच बदलले असेल, अशी शंका कोणीही घेईल. त्याच पिसांतल्या कार्बन आणि नायट्रोजनच्या समस्थानिकांनी ती मिटवली. खाणे बदललेले नव्हते. जिथे एकही कारखाना नाही अशा बर्फावरच्या पक्ष्यात हा पारा हवेतून, दूरच्या देशांतून आला होता.

किती पारा म्हणजे धोका? जोआना बर्गर आणि मायकेल गॉकफेल्ड यांच्या लेखनातून पिसात ५ पीपीएम पारा ही संख्या रूढ झाली आणि आता ती सरसकट उद्धृत होते. ती इशारा म्हणून ठीक. पण भटक्या अल्बट्रॉसच्या पिसांत याच्या कितीतरी पट पारा असतो आणि तो पक्षी अंडी घालतो, पिल्ले वाढवतो; लहान पक्ष्यांना याहून कमी पारा बाधू शकतो. प्रत्येक जातीला लावायची फूटपट्टी ती नव्हे.

भारतीय उपखंडात पिसांवर काम झाले आहे. पाकिस्तानच्या पंजाबात गायबगळ्यांच्या पिसांवर २००९ साली अभ्यास आला, तिरुचिरापल्लीत शहरी-ग्रामीण भागांतल्या ११ जातींवर २०१५ साली. कोइमतूरच्या सालीम अली केंद्रात पक्ष्यांच्या शरीरातल्या विषांवर दीर्घकाळ काम झाले. पण बहुतेक अभ्यास एका वेळचे आहेत. एकाच जागी, एकाच जातीवर, वर्षानुवर्षे चाललेली मालिका आपल्याकडे उभी राहिली नाही, आणि मालिकेशिवाय पिसाची खरी ताकद वापरताच येत नाही.

महाराष्ट्रापुरते पाहिले तर ठाण्याची खाडी डोळ्यांसमोर येते. तिथल्या पाऱ्यावर १९८१ सालीच शास्त्रीय नियतकालिकात लेख आला होता. मागे ठाणे-बेलापूरचा औद्योगिक पट्टा, पुढे फ्लेमिंगो. २०१५ साली अभयारण्य झाले, २०२२ साली रामसर स्थळ. फ्लेमिंगो इतके देखणे आणि इतके प्रसिद्ध, की पिसे तपासायची म्हटले तर कोणीही आधी त्यांचीच उचलेल. मला वाटते, ती चूक ठरेल. लहान फ्लेमिंगो मुख्यतः सूक्ष्म शेवाळ खातो. पारा अन्नसाखळीत पायरीगणिक वाढत जातो आणि हा पक्षी तळच्या पायरीवर आहे. शिवाय तो येतो-जातो. त्याचे पीस ठाण्याच्या चिखलावर वाढले की कच्छच्या रणात, हे पिसावर लिहिलेले नसते. स्वीडनमध्ये ऑस्प्रेच्या एकाच पंखात स्वीडनमध्ये उगवलेल्या पिसांत पारा जास्त आणि आफ्रिकेत उगवलेल्या पिसांत कमी सापडला होता. पंख एक, भूगोल दोन. संक्रांतीच्या दिवसांत मुंबईत मांजाने जखमी होऊन येणाऱ्या घारींचे पीस तपासावे असेही सुचते. पण हिवाळ्यात आपल्याकडे उत्तरेकडून पाहुण्या घारीही येतात, तेव्हा आधी ती घार इथली की पाहुणी हे ओळखायला हवे.

खाडीला विचारायचे तर पाणकावळ्याला आणि बगळ्यांना विचारावे, आणि त्यांच्या पिलांना तर नक्कीच. पावसाळ्यात ढोकरी, गायबगळे, पाणकावळे गावोगावच्या चिंचेवर, वडावर सारंगागार, म्हणजे एकत्र घरट्यांची वसाहत, करतात. घाणीमुळे आणि कलकलाटामुळे लोक वैतागतात, फांद्या तोडतात, आणि पिल्ले खाली पडतात. त्या पिलाचे प्रत्येक पीस गेल्या काही आठवड्यांत, आईबापांनी जवळपासहून आणलेल्या घासावर वाढलेले असते. कुठे वाढले, केव्हा वाढले, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे आयती मिळतात. ठाण्याच्या खाडीकाठचे एक सारंगागार, चंद्रपूरच्या २,९२० मेगावॉटच्या औष्णिक केंद्राला पाणी पुरवणाऱ्या इरई धरणाकाठचे एक (कोळशात पारा असतोच आणि तो धुरांड्यातून हवेत जातो), आणि कारखान्यांपासून दूर असलेले एखादे तिसरे, तुलनेसाठी. तिन्ही ठिकाणी एकाच जातीच्या, एकाच वयाच्या पिलांची छातीची पिसे, दर पावसाळ्यात. वन्यजीव कायद्याखाली यासाठी रीतसर परवानगी काढावी लागेल, आणि ती मिळायला वेळ लागतो. पण पीस काढल्याने पिलाला इजा होत नाही आणि ते पुन्हा उगवते, हे वनखात्याला पटवून देता येण्यासारखे आहे.

पाऱ्याला आवर घालण्यासाठीच्या मिनामाता या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने २०१८ साली शिक्कामोर्तब केले. पारा वापरणाऱ्या कॉस्टिक सोड्याच्या जुन्या कारखान्यांची पद्धत बदलली, थर्मामीटर आणि दिवे बदलत आहेत. यामुळे आपल्या पाण्यातला पारा खरोखर उतरतो आहे का, हे दाखवायला आधीचा आकडा लागतो. १९७० आणि १९८०च्या दशकांतला तो आकडा काढता येईल अशी पिसे मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीसारख्या (बीएनएचएस) संस्थांच्या कपाटांत जपलेल्या पक्ष्यांवर असू शकतात. छातीची चार-सहा बारीक पिसे चिमट्याने काढायची, मिथाइल पारा मोजायचा, आणि त्या पक्ष्याला बांधलेल्या चिठ्ठीवरची जागा व तारीख शेजारी लिहायची. नव्या पिसांनाही तेच हवे: कोरडे कागदी पाकीट, त्यावर जात, वय, पिसाची शरीरावरची जागा, गावाचे नाव, तारीख, आणि धुतले असेल तर कशाने व किती वेळा. महाराष्ट्रात दरसाल पक्षिमित्रांची संमेलने भरतात, आणि सारंगागार कुठल्या झाडावर आहे हे तिथे जमणाऱ्या माणसांइतके कुणालाच माहीत नसते. पाकिटे भरण्याचे काम त्यांनी येत्या जूनपासून सुरू केले तर मोजणारी प्रयोगशाळा मागाहून मिळाली तरी चालेल, कारण तोवर पाकिटातला पारा कुठे जात नाही.